फॅट्स डॉमिनो यांचा उजवा हात: केरवा की दादरा?

काळी_चार:
नमस्कार मंडळी. मी गिरगावात राहतो. लहानपणी तबला शिकलो आणि गेली दोन वर्षे कीबोर्डवर जुन्या रिदम अँड ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ठेकेदार लोकप्रिय संगीताचा, पियानो बसवण्याचा प्रयत्न करतो आहे. वडिलांनी चोरबाजारातून आणलेल्या एका तबकडीवर न्यू ऑर्लीन्सचे पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनो यांचे 1956 चे ‘ब्लूबेरी हिल’ आहे. ते ऐकताना ठोके मोजले तर स्वच्छ चार येतात, पण उजवा हात प्रत्येक ठोक्यात तीन वेळा पडतो. आठ मात्रांचा केरवा धरला की माझे वादन कवायतीसारखे ताठ होते आणि सहा मात्रांचा दादरा धरला की ते थेट भावगीताकडे झुकते. माझे नेमके काय चुकते आहे? दुसरे असे, की त्यांचे ‘द फॅट मॅन’ हे रॉक अँड रोलचे पहिले ध्वनिमुद्रण असल्याचे वाचले. हे ग्राह्य धरावे का?

डग्गा:
तुमचा कान बरोबर आहे, फक्त वजन चुकीच्या जागी पडते आहे. चार ठोके, प्रत्येकाचे तीन भाग, म्हणजे बारा. हिशेबापुरती ही दादऱ्याची दोन आवर्तने झाली. आता दादऱ्यात पहिल्या मात्रेला सम, म्हणजे आवर्तनाची वजनदार सुरुवात, आणि चौथीला खाली, म्हणजे हलकी जागा, असते. तिथे आपण डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) उचलतो आणि बोल हलका करतो. या संगीतात नेमक्या त्याच जागी, म्हणजे चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, ड्रमवाला स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर जोरात काठी मारतो. आपली खाली हीच त्यांची भरी, म्हणजे जोराची जागा. समेवर विसावण्याची सवय लागलेल्या हाताला हे पचायला वेळ लागतो, कारण समेवर आल्याचे समाधान मिळण्याऐवजी प्रत्येक वेळी पुढे ढकलल्यासारखे वाटते आणि नाचणाऱ्याचा पाय त्या ढकलण्यावरच उचलला जातो.

म्हणून कीबोर्ड काही दिवस बाजूला ठेवा. तोंडाने ‘तकिट तकिट तकिट तकिट’ म्हणा आणि टाळी फक्त दुसऱ्या व चौथ्या ‘त’वर द्या. ते अंगात मुरले की उजव्या हाताने एकच स्वरसंगती (कॉर्ड) बारा वेळा वाजवा, मनगट सैल ठेवून, आणि बारांपैकी एकही आघात मोठा होऊ देऊ नका. जोर ड्रमचा आहे, पियानोने फक्त जमीन भरायची आहे. लय संथ असल्यामुळे दोन ठोक्यांमध्ये जी पोकळी राहते, ती हे तीन आघात भरून काढतात. डाव्या हाताची चाल मात्र ठसठशीत हवी, कारण या गाण्यांचे संयोजक डेव्ह बार्थोलोम्यू मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, ओळ पुष्कळदा बास, गिटार आणि सॅक्सोफोन यांच्याकडून एकत्र वाजवून घेत असत.

हे तिहेरी आघात डॉमिनो यांनी शोधून काढले असे मात्र समजू नका. पियानोवादक लिटल विली लिटलफील्ड यांच्या वादनात ते आधीपासून होते. डॉमिनो यांनी 1950 पासून ते आपलेसे केले आणि इतके सातत्याने वाजवले, की पुढच्या दशकातल्या कितीतरी संथ गाण्यांचा तो पायाच झाला.

जुनी_तबकडी:
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ‘द फॅट मॅन’ 10 डिसेंबर 1949 रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये, रॅम्पार्ट स्ट्रीटवरील कॉसिमो मटासा यांच्या दुकानामागच्या खोलीत मुद्रित झाले. चाल चॅम्पियन जॅक डुप्री यांच्या ‘जंकर ब्लूज’ची, शब्द नवे, ड्रमवर अर्ल पामर. मध्येच डॉमिनो बारीक आवाजात ‘वा वा’ करत तोंडाने ट्रम्पेट वाजवतात, तो तुकडा आवर्जून ऐका. पहिलेपणाचा मान काही जण याला देतात, काही जण 1951 च्या ‘रॉकेट 88’ या गाण्याला, तर काही आणखी मागे जातात. माझ्या मते हा वादच फारसा उपयोगाचा नाही. लोक ज्याला आता रॉक अँड रोल म्हणतात, ते न्यू ऑर्लीन्समध्ये आपण कितीतरी वर्षे वाजवत आलेले रिदम अँड ब्लूजच आहे, असे खुद्द डॉमिनो सांगत असत.

मला अधिक बोचते ते वेगळेच. 1955 मध्ये त्यांचे ‘एन्ट दॅट अ शेम’ पॉपच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि तेच गाणे पॅट बून या गोऱ्या गायकाने गायल्यावर पहिल्या क्रमांकावर गेले. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐका. डॉमिनो ओळ तोडतात तेव्हा अख्खा वाद्यवृंद दोन आघात देऊन थांबतो, आणि त्या शांततेतही ठेका चालू असल्याचे तुम्हाला जाणवते.

काळी_चार:
दोघांचेही मनापासून आभार. काल चर्नी रोडहून बोरिवलीच्या धीम्या गाडीत खिडकीच्या गजावर बोटांनी ‘तकिट’ धरले आणि टाळीऐवजी बुटाची टाच दुसऱ्या व चौथ्याला टेकवली. दादरपर्यंत टाच पुन्हा पुन्हा समेकडे ओढली जात होती. अंधेरीनंतर केव्हातरी ती जागेवर बसली. रात्री हेडफोन लावून तबकडीसोबत वाजवले, तेव्हा पहिले कडवे निभावले. मधल्या भागात स्वरसंगती बदलताना तिसरा आघात अजून गळतो. तिथे बोटे आधी हलवायची की मनगट?

डग्गा:
मनगट. तिसऱ्या आघातानंतर हात उचलतानाच तो नव्या जागेकडे न्या, म्हणजे बोटे पट्टीवर पडतील तेव्हा आधीच जागेवर असतील. फक्त तेवढेच दोन ठोके अर्ध्या लयीत पन्नासदा वाजवा.