व्हीआरएफमधून टीसीपी सॉकेट उघडताना ‘नेटवर्क अनरीचेबल’

कोथरूडकर: लिनक्स राउटरवर एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर) चालू आहे. हिंजवडी-खराडी लिंक ‘लाल’ नावाच्या व्हीआरएफमध्ये (एकाच राउटरवरचं वेगळं राउटिंग टेबल) टाकली आहे. ‘आयपी रूट शो व्हीआरएफ लाल’ केलं की रूट दिसतो, पिंगला ‘-आय लाल’ दिलं की खराडीहून उत्तरही येतं. पण आमचा सी प्रोग्राम खराडीच्या ५००० पोर्टला कनेक्ट करायला गेला की ‘नेटवर्क अनरीचेबल’. बाइंडला व्हीआरएफमधलाच पत्ता दिला, तर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. शिवाय राउटरवरच्या ७००० पोर्टच्या लिसनरला (कनेक्शनची वाट बघणारं सॉकेट) खराडीहून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळतं. फायरवॉल बंद आहे.

पॅकेटवाला: रूट बरोबर आहे, सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्ककडचं टोक) चुकीच्या टेबलात शोधतंय. काही न सांगता उघडलेलं सॉकेट मुख्य टेबलच बघतं. पिंगला तुम्ही व्हीआरएफ सांगितलंत म्हणून ते चाललं. क्रम असा ठेवा: सॉकेट(), मग सेटसॉकऑप्ट()ने एसओ_बाइंडटूडिव्हाइसला ‘लाल’ हे नाव, त्यानंतर बाइंड(), शेवटी कनेक्ट(). बाइंड आधी केलंत तर तो पत्ता मुख्य टेबलात सापडतच नाही, तुमची दुसरी एरर तीच. कर्नल ५.७ च्या आधीचा असेल तर या ऑप्शनला कॅप_नेट_रॉ ही खास परवानगी लागते, नाहीतर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

कोडला हात लावायचा नसेल तर रूट युजरने (म्हणजे अ‍ॅडमिनने) ‘आयपी व्हीआरएफ एक्झेक लाल’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव.

सिंहगडरोड: लिसनरचं कारण वेगळं. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एल३एमडेव्ह_अ‍ॅक्सेप्ट हे कर्नलचं सेटिंग मुळात ० असतं, म्हणून कुठल्याच व्हीआरएफला न बांधलेल्या लिसनरपर्यंत व्हीआरएफमधला सिन (कनेक्शन मागणारं पॅकेट) पोचत नाही आणि कर्नल आरएसटी (नकाराचं पॅकेट) पाठवतो. ते १ केलंत की चालेल, अ‍ॅक्सेप्ट()मधून आलेलं सॉकेट आपोआप ‘लाल’ला बांधलेलं मिळेल. पण हे सेटिंग अख्ख्या मशीनला लागू होतं. एसएसएचसुद्धा (दुरून लॉगिन करायची सेवा) ‘लाल’सारख्या व्हीआरएफमधून उघडं पडेल. माझं मत विचाराल तर ते ० च राहू द्या आणि प्रत्येक व्हीआरएफसाठी वेगळा लिसनर बांधा. पोर्ट एकच असला तरी चालतं.

कोथरूडकर: धन्यवाद, दोन्ही दिशांनी जोडलं जातंय. आता खराडीचा रूट गेला तरी सेंड() बराच वेळ यशस्वी दाखवतं, ते का?

पॅकेटवाला: सेंड() फक्त कर्नलच्या बफरमध्ये टाकतं. रूट गेला म्हणून जोडलेलं टीसीपी तुटत नाही, ते पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. किती वेळा पाठवायचं ते ठरवणारं टीसीपी_रिट्राइज२ मुळात १५ आहे, म्हणजे साधारण १५ मिनिटं. सॉकेटला टीसीपी_युजर_टाइमआउट (उत्तर नाही तर किती वेळाने कनेक्शन सोडायचं) लावा, आकडा मिलिसेकंदात, ३० सेकंदांसाठी ३००००. रूट मध्येच परत आला तर तेच कनेक्शन पुढे चालू राहतं, त्यामुळे बीजीपी (राउटर एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल) सावरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा हा आकडा मोठा ठेवा.

सिंहगडरोड: आणि ‘लाल’ डिलीट करून त्याच नावाने पुन्हा बनवलंत तर सॉकेट बंद करून नवीन उघडा. कर्नल नाव नाही, इंटरफेसचा इंडेक्स धरून ठेवतो, आणि तो बदललेला असतो.