धरणाचं पाणी येत असताना आरओ कशाला?

धरणकाठ
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, कुठलं घ्यावं? निमित्त म्हणजे क्लबहाऊसमध्ये येऊन गेलेला एक विक्रेता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आपल्या नळाचं पाणी आणि एकात आरओचं. दोन्हींत सळ्या सोडल्या, प्लग लावला. मिनिटभरात नळाच्या पाण्यावर तपकिरी फेस आला, खाली गाळ बसला. आरओचा ग्लास जसाच्या तसा. "ईऽऽ, हे पितो आपण?" करत तिथल्या तिथे पाच-सहा जणांनी बुकिंग केलं.

तो गाळ पाण्यातला नव्हे, सळ्यांचा आहे. सळ्या लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज खाली बसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीज वाहतच नाही. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, मग विक्रेत्याचा चेहरा बघा.

आमच्याकडे पुण्यात खडकवासल्याचं पाणी येतं, मुंबईत भातसा-वैतरणेचं. ही पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी. भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आपण ५०० च्या कितीतरी खाली आहोत. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा. तरीही आपण एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणार, तेही उन्हाळ्यात पाणीकपात चालू असताना. धरणाच्या पाण्याला यूव्ही-यूएफ (जंतू मारणारा अतिनील प्रकाश आणि बारीक गाळणी) पुरे, नाहीतर उकळून प्या. बोला.

वाघोलीची_मावशी
बोलते की! २०२१ मध्ये आमचं गाव पालिकेत घेतलं, पण सोसायटीच्या गेटवर अजून टँकरच उभा असतो. टँकर कुठल्या बोअरचा ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. आज टीडीएस चारशे, परवा नऊशे. नळाच्या तोटीवर पांढरा थर, गिझरची कॉइल दरवर्षी बदला, तूरडाळ कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टणक ती टणकच. चहा तर विचारूच नका. तुमच्या नळाला धरण जोडलंय म्हणून तुम्हाला मानकं आठवतात, भाऊ. आमच्याकडे आरओ ही गरज आहे.

धरणकाठ
मावशी, बोअर आणि टँकरवाल्यांना मी घेऊ नका म्हटलेलंच नाही. धाग्याचं नावच बघा ना. माझं भांडण कोथरूड-दादरमध्ये बसून आरओ घेणाऱ्यांशी आहे.

घाबरट_नागरिक
जानेवारी २०२५ विसरलात वाटतं? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळा सिंहगड रोडचा पट्टा. जीबीएसने (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) लोक व्हेंटिलेटरवर गेले. तिथलं पाणीही "खडकवासल्याचंच" होतं ना? पालिकेच्या भरवशावर लेकराबाळांना पाणी पाजायचं? मी आरओ लावला आणि मला शांत झोप लागते. वाया गेलं पाणी तर जाऊ दे.

धरणकाठ
झोप लागते ते चांगलंच आहे, पण आजार कशाचा होता ते बघा. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, म्हणजे जंतू. टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. त्या पाण्यात मीटर बुडवला असता तर आकडा झकास आला असता! जंतूंवर उपाय क्लोरीन, यूव्ही किंवा एक मिनिट खळखळून उकळणं. आणि त्याच भागातल्या काही खासगी आरओ प्लांटवरही पालिकेने तेव्हा कारवाई केली होती, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

घाबरट_नागरिक
उकळायला वेळ कुणाला आहे? दोघं नोकरीला, गॅसचा भाव बघता ना? आणि आरओच्या बऱ्याच मशिनींत यूव्हीही असतो की. एका दगडात दोन पक्षी.

फिल्टरवाला_नाशिक
मी या मशिनी दुरुस्त करतो, म्हणून दोन शब्द. झाकण उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. साठवणीच्या टाकीच्या तळाला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागतो. कार्बन फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. त्याचं कामच ते, नाहीतर मेंब्रेन, म्हणजे आरओचा तो पडदा, खराब होईल. पण मग पुढे टाकीत साठलेल्या पाण्याला राखण कुणाची? घरचे चार दिवस गावाला जाऊन येतात आणि तेच पाणी पितात. आल्यावर आधी टाकी रिकामी करा, एवढं तरी पाळा.

दुसरी गंमत टीडीएसच्या स्क्रूची. पाणी फारच बेचव लागतं म्हणून बऱ्याच मशिनींत थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळायची सोय असते. चांगल्या मशीनमध्ये ते आधी यूव्ही-यूएफमधून जातं. स्वस्तातल्या जुळणीत कशातूनच जात नाही. काही गिऱ्हाईकं मात्र उलट हट्ट धरतात, "शेजाऱ्यांकडे पंचवीस येतो, आमच्याकडे ऐंशी का?" साहेब, तो काय बोर्डाचा निकाल आहे?

आणि धरणकाठ साहेब, यूव्हीचं कौतुक करताना एक सांगायचं राहिलं तुमचं. पाणी गढूळ असेल तर यूव्हीचा प्रकाश जंतूपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात लाल पाणी आलं की पुढचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर पंधरवड्यातही तुंबतो. तो वेळेवर बदलणारी घरं मी हाताच्या बोटांवर मोजेन.

कडकनाथ
आरओच्या पाण्याने हाडं ठिसूळ होतात म्हणे. कॅल्शियम सगळं जातं ना.

वाघोलीची_मावशी
कॅल्शियम पाण्यातून मिळवायचं तर नाचणी, दूध, तीळ कशाला आहेत मग? जड पाण्याने वैताग आलेल्या माणसाला ही भीती घालू नका.

वणीकर
पुण्या-मुंबईच्या पुढेही महाराष्ट्र आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, म्हाताऱ्यांचे सांधे आखडलेले. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. आता गंमत बघा, टीडीएस साडेचारशे दाखवेल आणि फ्लोराइड तीन असेल. चवीला पाणी एकदम गोड! तुमचा "५०० च्या खाली चालतं" हा नियम आमच्याकडे घात करेल. उकळून तर उलटंच होतं, पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. आमच्यासाठी आरओ हे औषध आहे.

धरणकाठ
वणीकर, पटलं. बोअरच्या पाण्याला टीडीएस मीटरवर जोखूच नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही तपासून घ्यावं. धरणाच्या पाण्याबाबत मात्र मी जागचा हलत नाही.

घाबरट_नागरिक
धरणातून निघताना पाणी चांगलंच असतं हो. पण गटाराशेजारून आलेली पाइपलाइन, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची झाकण उडालेली टाकी, त्यात पडलेलं कबूतर? तुमच्या टाकीत शेवटचं कोण उतरलं होतं?

धरणकाठ
हा मुद्दा बिनतोड. पण टाकीत कबूतर असेल तर टाकी धुवायची, की घरोघरी पंधरा-वीस हजारांची मशीन बसवायची? अख्ख्या इमारतीची टाकी धुवायला वर्गणी मागितली की सगळे गप्प, आणि आरओला हप्ते भरायला एका पायावर तयार.

वाघोलीची_मावशी
एक विचारते. आरओचं वाया जाणारं पाणी मी पिंपात साठवते. फरशी, मोरी, संडास यातच संपतं. जाऊबाई म्हणतात झाडांना घाल. घालू का?

फिल्टरवाला_नाशिक
नको, मावशी. तुमचं मूळ पाणी नऊशे असेल तर पिंपातलं बाराशे-तेराशेच्या घरात जाणार. कुंडीत क्षार साठत जातात, तुळशीची पानं कडेने करपतील. गाडी धुतलीत तरी काचेवर डाग राहतात. फरशीला उत्तम.

कडकनाथ
मग धरणाचं पाणी असलेल्यांनी नक्की घ्यावं काय? मॉडेल सांगा, भांडणं पुरे.

फिल्टरवाला_नाशिक
मॉडेल सांगत नाही, दुकानदार भांडायला येतील. सेडिमेंट, कार्बन, यूएफ, यूव्ही, एवढंच असलेलं बघा. टाकी नसलेलं मिळालं तर आणखी बरं. तांबं, अल्कलाइन वगैरे कांड्यांचे पैसे वाचवा. आणि घेण्याआधी वर्षाचा एएमसी (देखभालीचा करार) किती, त्यात कुठले फिल्टर धरलेत आणि कुठले वेगळे, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगतील त्यात सगळे फिल्टर कधीच नसतात.