गॅस देताना-सोडताना मागून ‘टक्’ आणि ११० ला सीटखाली थरथर, प्रॉपशाफ्टच आहे ना?

गिअरवेडा

मंडळी जरा मदत हवीये. गाडी रीअर व्हील ड्राइव्ह, सहा सिलिंडर, सिक्स स्पीड मॅन्युअल, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि क्लच टाइप एलएसडी (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारं डिफरन्शियल). फायनल ड्राइव्ह ३.४६ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.४६ फेऱ्या), मागचे टायर २५५/४० आर १८. प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा आहे, पुढे रबर कपलिंग, मध्ये सेंटर बेअरिंग, मध्ये आणि मागे क्रॉस (अँगलमध्ये फिरू देणारा सांधा). माझ्याकडे यायच्या आधीच कोणीतरी स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवलीये.

त्रास असा की दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गॅस सोडून परत दिला की मागून ‘टक्’ असा खटका बसतो, कानाला येतो आणि सीटला पण जाणवतो, गाडी थंड असताना जास्त. हे बरेच दिवस आहे. आणि आता नवीन म्हणजे साधारण १०५ ते १२० च्या मध्ये सीटखाली बारीक थरथर सुरू झालीये, स्टिअरिंग एकदम शांत, गिअर लिव्हरला हात लावला की बोटांना मुंग्या आल्यासारखं होतं. १३० च्या पुढे कमी होते.

टायर बॅलन्सिंग परत करून घेतलं, काही फरक नाही. आता सरळ वन-पीस अॅल्युमिनियम शाफ्ट टाकून मोकळं व्हावं असं वाटतंय. टाकू का?

टॉर्क_पाना

थांब, शाफ्ट मागवू नको अजून. तुझ्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि ते एकाच भागाचे आहेत असं तू धरून चालला आहेस. खटका म्हणजे कुठेतरी प्ले (सैलपणा) आहे किंवा रबर बसलंय. थरथर म्हणजे काहीतरी फिरणारं बॅलन्समध्ये नाही किंवा चुकीच्या अँगलवर फिरतंय. एकाच कपलिंगमुळे दोन्ही होऊ शकतं, मान्य, पण ते आधी सिद्ध व्हायला हवं.

पहिली टेस्ट. रिकामा सरळ रस्ता बघ, १२० पर्यंत जा आणि गिअर न्यूट्रल करून गाडी सोड. ११० ला थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फ्लायव्हील बाजूला झाले, जे काही आहे ते गिअरबॉक्सच्या मागे. मग तोच स्पीड वेगवेगळ्या गिअरमध्ये धरून बघ, पण इथे एक गोम आहे, सिक्स स्पीडमध्ये जो गिअर डायरेक्ट असतो (बहुतेक पाचवा, पण तुझ्या गाडीचं बघून घे) त्यात इंजिन आणि प्रॉपशाफ्टचे आरपीएम सारखेच असतात त्यामुळे त्या गिअरमध्ये तुला कधीच कळणार नाही दोष कोणाचा. चौथ्यात आणि सहाव्यात बघ.

दुसरं, आकडे काढ. तुझ्या टायरचा घेर साधारण २.०५ मीटर. ११० म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं. गुणिले ३.४६ केलं की शाफ्ट ५२ वेळा, म्हणजे ३१०० आरपीएमच्या आसपास. आता फायफॉक्स नावाचं मोफत अॅप फोनवर टाक, त्यात अॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम आहे (कोणत्या हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती वेळा, किती कंप आहे त्याचा आलेख), फोन सीटच्या रेलवर घट्ट चिकटव आणि रेकॉर्डिंग शेजारच्याला करू दे. १५ हर्ट्झला टोक आलं तर टायर, रिम किंवा हब. ५२ ला आलं तर शाफ्टचा बॅलन्स, वाकलेला शाफ्ट किंवा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती). १०४ ला म्हणजे डबल आलं तर क्रॉसचा अँगल किंवा फेजिंग (दोन्ही क्रॉस एकमेकांशी एका रेषेत असणं), कारण क्रॉस तिरका चालला की एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. फक्त फोनचा सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजतो ते आधी बघ, तो १०० च असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं तुला खरं दिसणारच नाही, उलट भलत्याच जागी टोक दिसेल. ४०० वाला फोन मिळाला तर उत्तम.

खालून_बघा

मला तर गाडी खाली बसवलीये तेच कारण वाटतंय, प्रॉपशाफ्टचा अँगल बिघडला असणार. आधी स्टॉक हाइटवर आण, अर्धे प्रॉब्लेम तिथेच जातील.

खटक्यासाठी गाडी चार स्टँडवर घे, न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि हाताने शाफ्ट दोन्हीकडे हलवून बघ. क्रॉसमध्ये प्ले असेल तर लगेच हाताला कळतो, क्रॉसच्या टोपीजवळ गंजाची लाल पावडर दिसली तर आतलं ग्रीस संपलंय समज. रबर कपलिंग नुसतं बघून सोडू नको, बोल्टच्या भोवती लांब स्क्रूड्रायव्हर घालून ताण दे, भेगा तेव्हा उघडतात, एरवी वरून अख्खं दिसतं.

डिफवाला

वरच्या मित्राचं खटक्याचं सगळं बरोबर आहे पण हाइटचं नाही पटलं. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, डिफरन्शियल (डिफ, मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) सबफ्रेमला बोल्टने बसलेलं असतं, ते सस्पेन्शनबरोबर वर-खाली होत नाही. त्यामुळे गाडी कितीही खाली घेतली तरी प्रॉपशाफ्टचा अँगल तोच राहतो. तो बदलतो गिअरबॉक्स माउंटिंग बसलं की, डिफचे बुश (रबरी आधार) गेले की, किंवा सेंटर बेअरिंगखाली कोणी वॉशर घालून ठेवले असतील तर. सॉलिड अॅक्सलवाल्या गाडीत मात्र हाइट बदलली की पिनियनचा (डिफमधल्या, शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरचा) अँगल खरंच हलतो, ते वेगळं.

खाली घेतल्याने बदलतात हाफशाफ्टचे (डिफपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांचे) अँगल. आतला जॉइंट ट्रायपॉड टाइप (तीन रोलरवाला) असेल आणि झिजला असेल तर जोरात गॅस दिल्यावर कंप येतो, चाकाच्या एका फेरीत तीनदा, म्हणजे तुझ्या हिशोबाने ४५ हर्ट्झ, ५२ च्या इतका जवळ की घाईत फसायला होतं. ओळखायची खूण म्हणजे गॅस सोडला की तो जवळजवळ गायब होतो. शाफ्टचा बॅलन्स बिघडला असेल तर गॅस सोडल्याने तसं होत नाही, न्यूट्रलमध्ये पण थरथर चालूच राहते.

आणि खटक्यासाठी माझा पहिला संशय डिफच्या बुशवर. गाडी खालून अॅक्शन कॅमेऱ्याने शूट कर, डिफच्या नाकाकडे (पुढच्या टोकाकडे) तोंड करून चिकटव आणि मोकळ्या जागेत हळू चालवत गॅस दे-सोड कर. नाक किती उचलतंय ते स्वच्छ दिसतं. कृपा करून इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये टाकून कोणी गाडीखाली झोपू नका, कॅमेरा आहे ना त्यासाठी.

वन-पीस शाफ्टबद्दल पण सांगतो. शाफ्टला एक क्रिटिकल स्पीड असतो, त्याच्या जवळ गेला की तो मधून धनुष्यासारखा वाकायला लागतो. तीच नळी दुप्पट लांब केली की हा स्पीड चौथाईवर येतो, म्हणून तर कंपन्या दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग देतात. लांब वन-पीस करायचा तर नळी मोठ्या व्यासाची आणि हलकी लागते, निसान ३५०झेड मध्ये किंवा बीएमडब्ल्यूच्या एफ८० एम३ मध्ये कार्बन फायबर वापरला तो याचसाठी. चांगला बनवलेला अॅल्युमिनियम शाफ्ट वाईट नसतो, पण आत्ता टाकलास तर कपलिंग आणि सेंटर बेअरिंग गाडीतून जातील आणि नेमका दोष कशात होता ते तुला कधी कळणारच नाही. आणि डिफचा बुश गेला असेल तर खटका नव्या शाफ्टसकट तसाच राहील, उलट मोठा ऐकू येईल.

गिअरवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. टेस्ट केल्या. न्यूट्रलमध्ये थरथर तशीच. चौथा आणि सहावा, दोन्हीत त्याच स्पीडला येते. मित्राचा फोन वापरला, त्यात ५२ च्या आसपास मोठं टोक आलं, १५ ला अगदी छोटंसं, १०४ ला जवळजवळ काहीच नाही.

कॅमेऱ्यात डिफचं नाक चांगलंच उड्या मारताना दिसतंय, पुढच्या बुशचं रबर एका बाजूला फाटलंय. कपलिंगला पण बोल्टजवळ दोन ठिकाणी भेगा आहेत.

एक सांगायचं राहिलं, थरथर सुरू व्हायच्या थोडं आधी बाहेर एका ठिकाणी क्लच बदलून घेतला होता. त्याचा काही संबंध असेल का?

टॉर्क_पाना

संबंध? भाऊ तिथेच उत्तर आहे बहुतेक. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर प्रॉपशाफ्ट काढावाच लागतो, आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट मधल्या स्प्लाइनवर (एकात एक बसणाऱ्या दात्यांच्या जोडावर) सहज सुटा होतो. कारखान्यात दोन्ही तुकडे जोडून एकत्रच बॅलन्स केलेले असतात, म्हणून काढायच्या आधी दोन्हीवर पेंटची रेघ मारायची असते. ती मारली नाही की परत बसवताना नशिबावर.

आता तुझे आकडे बघ. स्प्लाइन दोन-चार दाते इकडेतिकडे बसली असती तर मधल्या आणि मागच्या क्रॉसचे योक (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे भाग) एका रेषेत राहिले नसते, फेजिंग गेलं असतं आणि १०४ ला टोक आलं असतं. पण बरोबर अर्धी फेरी, १८० अंश फिरून बसली तर योक परत एकाच रेषेत येतात, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, फेजिंग शाबूत, फक्त बॅलन्स गेलेला. म्हणजे ५२ ला मोठं टोक आणि १०४ शांत, जे तुझ्याकडे दिसतंय तेच. फाटक्या कपलिंगमुळे शाफ्टचं पुढचं टोक मध्यावर राहत नसेल तरी ५२ लाच येतं, त्यामुळे ते बदलायचंच आहे. पण शाफ्ट उतरवलास की आधी दोन्ही तुकड्यांवर जुन्या पंचच्या खुणा शोध, वायरब्रशने घासल्याशिवाय दिसत नाहीत.

स्पॅनर_सतरा

उतरवतोच आहेस तर बसवतानाच्या गोष्टी पण ऐक, निम्मे शाफ्ट बसवताना खराब होतात.

कपलिंगवर बाण असतात, प्रत्येक बाण ज्या फ्लँजच्या हाताला बोल्ट जातो त्याच्याकडे तोंड करून हवा. टाइट करताना रबराच्या बाजूचं डोकं पान्याने स्थिर धरायचं आणि फ्लँजच्या बाजूचं फिरवायचं, उलट केलं तर रबर पिळलं जातं आणि नवीन कपलिंग लवकर फाटतं. नट सेल्फ-लॉकिंग असतील तर नवीनच घे. शाफ्टच्या पुढच्या टोकात सेंटरिंग बुश असतो, तो सैल झाला असेल तर नवीन कपलिंग टाकून पण थरथर राहील, त्यात ग्रीस भरून बसव.

सेंटर बेअरिंगचे बोल्ट आधी हलके ठेव. बऱ्याच बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअलमध्ये ब्रॅकेट ४ ते ६ मिमी पुढे सरकवून प्रीलोड (आधीचा ताण) द्यायला सांगितलंय, तुझ्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघ आणि तेवढंच दे. डिफचा बुश रबराचाच घे, रोजच्या गाडीत कडक पॉलीयुरेथेनचा टाकला तर डिफची घरघर सगळी केबिनमध्ये येते. आणि बुशच्या नळीला पिळून धरणारे सस्पेन्शनचे बोल्ट सोडावे लागले तर गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचं टाइट कर, हवेत लटकवून टाइट केलेलं रबर कायम पिळलेलं राहतं.

गिअरवेडा

अपडेट. खुणा सापडल्या, दोन्ही तुकड्यांवर पंचचे ठिपके होते आणि ते बरोबर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होते. सुटे केले, ठिपके एका रेषेत आणून बसवले, कपलिंग, सेंटर बेअरिंग, शाफ्टच्या पुढचा सेंटरिंग बुश सगळं नवीन. सेंटर बेअरिंगचं रबर पण निम्मं सुटलेलंच निघालं. डिफचे बुश बदलले.

५२ चं टोक आता शोधावं लागतंय. ११० ला गिअर लिव्हर एकदम शांत. मोठा खटका गेला, पण दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू असताना गॅस सोडला की एक बारीक ‘टिक्’ अजून येतो, सीटला काही जाणवत नाही, फक्त काच खाली असेल तर ऐकू येतो. हा पण शोधू का?

डिफवाला

मस्त काम केलंस! तो बारीक टिक् बहुतेक क्राउन-पिनियनचा (डिफच्या मुख्य गिअरजोडीचा) बॅकलॅश म्हणजे दात्यांमधली मोकळी जागा, हाफशाफ्टच्या स्प्लाइन आणि ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) फ्लायव्हील असेल तर त्याचा थोडा प्ले, सगळं मिळून. गिअर मेश होण्यासाठी बॅकलॅश लागतोच, आणि पिनियनच्या फ्लँजला हाताने हलवलं तर तो आहे त्यापेक्षा खूप मोठा वाटतो, त्या भरात डिफ उघडू नको आणि पिनियन नटला तर अजिबात हात लावू नको, त्यावर बेअरिंगचा प्रीलोड असतो.

फक्त डिफचं ऑइल कधी बदललंय ते माहीत नसेल तर बदलून टाक, क्लच टाइप एलएसडी आहे त्यामुळे फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं मिश्रण) असलेलं किंवा कंपनीने सांगितलेलंच ऑइल हवं, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट सुरू होईल. जुनं ऑइल काढशील तेव्हा ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बघ. राखाडी लगदा असेल तर निवांत चालव, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर फोटो टाक इथे.