प्रतिसाद: सत्तांतर आणि परराष्ट्र धोरण

सरकार बदलले की परराष्ट्र धोरणही मुळापासून बदलते, हे विधान मला सरसकट पटत नाही. मार्च 1977 मध्ये आलेल्या मोरारजी देसाईंच्या जनता सरकारने ‘अस्सल अलिप्ततावादा’ची, म्हणजे दोन्ही महासत्तांपासून सारखेच अंतर राखण्याची, घोषणा केली, तेव्हा 1971 चा भारत-सोव्हिएत मैत्री करार आता गुंडाळला जाणार, असे अनेकांना वाटले होते, पण एप्रिलमध्येच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीत येऊन गेले आणि करार जागच्या जागी राहिला. फरक पडला तो मुख्यतः शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांत. बांगलादेशाबरोबरचा फराक्का येथील गंगेच्या पाणीवाटपाचा करार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला.

अमेरिकेशी जवळीक वाढेल ही अपेक्षा मात्र तारापूर अणुवीज केंद्राला अमेरिकेकडून मिळणाऱ्या इंधनावर अडली. जानेवारी 1978 च्या दिल्ली भेटीत, मोरारजींना ‘थंड आणि अगदी रोखठोक’ पत्र लिहावे लागेल, असे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले आणि ते नेमके चालू असलेल्या माइकने टिपले. तेव्हा दोन्हीकडची सरकारे नवी होती, तरी सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करण्याच्या अमेरिकी मागणीवर दिल्ली तसूभरही हलली नाही.