टीएसएच बिघडला म्हणून गाठ सापडली

ताई, म्हापशात वहिनींचा टीएसएच (थायरॉईडसाठीची रक्ततपासणी) वाढून ८.२ आला, मग गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये १.४ सेंमीची गाठ निघाली, म्हणून कॅन्सर रक्तात दिसला असं तुम्ही धरलंय. तसं नसतं. थायरॉईडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये टीएसएच नॉर्मलच असतो. रक्ताच्या रिपोर्टमुळे फक्त गळ्याकडे लक्ष गेलं. आता सोनोग्राफीच्या रिपोर्टात टायरॅड्सचा (गाठ किती संशयास्पद दिसते ते सांगणारा) आकडा बघा: ५ असेल तर १ सेंमीपासून, ४ असेल तर १.५ सेंमीपासून सुईची तपासणी (एफएनएसी, बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) सुचवतात. गाठ काळपट, रुंदीपेक्षा उंच, आत बारीक पांढरे ठिपके, असं लिहिलं असेल तर अजिबात रेंगाळू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना नुसता कागद नको, सोनोग्राफीच्या फिल्मही न्या. आणि एफएनएसीत ‘नमुना अपुरा’ आला तर तो निगेटिव्ह नव्हे, बहुधा पुन्हा करावी लागते.