मदत हवी आहे: १९६८च्या इम्पीरियलच्या सीटमधला कारखान्याचा कागद कसा सोडवावा?

क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीची मागची सीट उलटी केल्यावर स्प्रिंगांत बिल्ड शीट, म्हणजे गाडी जुळवताना कारखान्यात वापरलेला तिच्या तपशिलांचा कागद, सापडली आहे. घडी पडलेली, तपकिरी, चार ठिकाणी गंजाने तारेला चिकटलेली. ओढली तर तिथेच भोक पडणार, हे नक्की.

जागेवरच तिरप्या उजेडात फोटो काढलेत. दिसणाऱ्या भागात चेसिस नंबर 'वाय'पासून सुरू होतो, म्हणजे इम्पीरियल. पाचवं अक्षर 'के' म्हणजे ४४० घनइंचाचं इंजिन, सहावा आकडा ८ म्हणजे साल १९६८. शेवटचे सहा आकडे मात्र घडीत आहेत आणि खरा पुरावा तेच. कारखान्यात शेजारच्या गाडीची शीटही सीटमध्ये राहून जायची, त्यामुळे ते आकडे गाडीवरच्या नंबराशी जुळल्याशिवाय कागद याच गाडीचा म्हणता येत नाही.

बेत असा: रिंग क्लिपा कापून स्प्रिंगांचा तेवढा तुकडा कागदासकट काढायचा. झाकणाच्या डब्यात तळाला ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर कागद. पाणी थेट लागू द्यायचं नाही. दर अर्ध्या तासाने बघायचं, घडी नरम झाली की उलगडून कोऱ्या टिपकागदांत हलक्या वजनाखाली वाळवायचं. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही.

अडलंय ते इथे: दमटपणात गंज कागदात आणखी पसरेल का? आधी कोरड्यानेच, पातळ पात्याने तार सोडवावी का? आणि छपाईची शाई फुटते का, हे कोपऱ्यात तपासायला पाण्याचा एक थेंब पुरेसा, की अल्कोहोलनेही बघावं? ज्यांनी असे कागद स्वतः सोडवलेत त्यांनी कृपया सांगा.