तळं मे महिन्यात बघा
मोठ्या हॉटेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तळ्याकाठच्या (लेकफ्रंट) बंगल्यांबद्दल "मोठ्या हॉटेलचं नाव लागलंय म्हणजे देखभालीची चिंताच नाही" असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटतं. लॉबी चकाचक राहील, बागही राहील; तळ्याचं काय? आमच्या मेहुण्यांनी तापोळ्याकडे शिवसागरच्या काठावरचा असाच बंगला दिवाळीत बघितला, तेव्हा पाणी अगदी पायरीपाशी. मे महिन्यात राहायला गेलो तर पाणी पार खाली, मधे भेगाळलेला गाळ आणि त्यात निवांत फिरणाऱ्या म्हशी. (पोरांना म्हशीच जास्त आवडल्या, तो भाग वेगळा.)

शिवसागर म्हणजे कोयनेचा जलाशय, क्षमता साधारण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत जातं तसा काठ मागे सरकतो. मेंटेनन्स मात्र बाराही महिने लेकफ्रंटच्याच दराने. टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) देण्याआधी एक चक्कर मे अखेरीस मारा, तीही एजंटला न सांगता.